बाकी काय?

माझ्याकडे सतरा वह्या आहेत. पुठ्ठ्याच्या, लाल कापडी पाठीच्या, किराणा दुकानात उधारी लिहायला असतात तशा. प्रत्येक पानावर उभ्या रेघा मारून पाच रकाने केलेत: वेळ, नंबर, मिनिटं, पल्स, रुपये. १९९१ च्या दसऱ्यापासून २००८ च्या मार्चपर्यंत माझ्या एसटीडी बूथवरून लागलेला जवळजवळ प्रत्येक फोन त्यांत आहे. मीटरला जोडलेला प्रिंटर बिलाची चिठ्ठी काढायचा. पण कधी रिबन फिकी पडायची, कधी कागद अडकायचा, म्हणून मी हातानं लिहून ठेवायला लागले आणि मग ती सवयच झाली.

भाचा म्हणतो, मावशी, रद्दीवाल्याला देऊन टाक. मी देत नाही. या वह्यांत कुणी काय बोललं ते नाही, कोण किती वेळ बोललं तेवढंच आहे. काय बोललं ते माझ्या कानांत आहे. दोन्ही एकत्र ठेवून बघितलं की एक गोष्ट दिसते. ती मी कुठे लिहिलेली वाचलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

कराडला कृष्णेचा पूल ओलांडला की विद्यानगर लागतं. इंजिनिअरिंग कॉलेज १९६० सालचं, गाडगे महाराज कॉलेज त्याच्याही आधीचं. वसतिगृहं, खोल्या भाड्यानं देणारी घरं, मेस, झेरॉक्स आणि सायकल पंक्चरची दुकानं. त्या रस्त्याला माझा बूथ होता. माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. त्या काळात बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, तसा मला तो मिळाला. पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या-लाल अक्षरांत एसटीडी, आयएसडी, पीसीओ. देशभर अशा पिवळ्या पाट्यांखाली माझ्यासारखी कितीतरी माणसं बसलेली होती. कुणाला पाय नाही, कुणाला दिसत नाही. आम्हाला बसल्या जागी करता येईल असं काम पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं मिळालं होतं, आणि ते काम होतं दुसऱ्यांची बोलणी जुळवून देण्याचं. मला त्याचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

केबिन तीन फूट बाय तीन फूट. प्लायवूडची, दाराला काच. आत एक दिवा आणि लहानसा पंखा. पंख्याच्या घरघरीत पलीकडचं ऐकू येत नाही म्हणून सगळे तो बंद करत आणि घामाघूम होऊन बाहेर येत. फोनखालच्या फळीवरच्या सनमायकावर लोक पेनच्या टोकानं, किल्लीनं काहीबाही कोरायचे. बातमी सांगायला आलेला माणूस नंबर कोरून जायचा, कारण पलीकडून सांगितलेला नंबर लिहायला त्याच्याकडे कागद नसायचा. मित्राशी बोलणारा मात्र चौकोन काढायचा, चौकोनात चौकोन. दोन वर्षांत सनमायका बदलावा लागला. सुतारानं जुना तुकडा काढला तेव्हा बघितलं, नंबरांपेक्षा चौकोन कितीतरी जास्त होते.

मीटरचे लाल आकडे माझ्या टेबलावरही दिसत आणि आत गिऱ्हाइकासमोरही. पलीकडे फोन उचलला की एक्स्चेंजकडून लाइनीवरून पल्स यायला लागायची. गाव जितकं लांब तितकी पल्स घाईनं पडायची. साताऱ्याला बोलताना आकडा सावकाश सरकायचा, दिल्लीला बोलताना डोळ्यांसमोर पळायचा. माणूस बोलायचा तोंडानं आणि वाचायचा डोळ्यांनी. दोन्ही एकदम करता करता आमच्याकडच्या लोकांनी फोनवर बोलायची एक वेगळीच तऱ्हा तयार केली.

तिच्या आधीची तऱ्हा पत्राची होती, तेव्हा आधी ती सांगते.

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. माझ्या शाळकरी वयात, १९८० च्या आसपास, ते पैशांत मोजलं जायचं आणि १५ पैशांपर्यंत गेलं होतं, तरी स्वस्तातलं स्वस्त तेच. वडिलांना पत्र लिहायचं तर 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', परक्याला 'स. न. वि. वि.', मग 'पत्रास कारण की', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. लग्नाच्या पत्राला हळदकुंकू, दुःखाचं कार्ड वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. सगळं ठरलेलं. मैत्रिणीला काय लिहायचं ते मात्र कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. माझी मैत्रीण १९८६ साली लग्न होऊन इंदूरला गेली. तिथे मराठी वस्ती होळकरांच्या काळापासूनची, सासरही मराठीच. तिच्या पहिल्या कार्डावर मायना होता फक्त 'अगं,'. मी तो शब्द किती वेळा वाचला असेन.

कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, सासरे वाचणार, सासूबाई कुणाकडून तरी वाचून घेणार. निळं आंतर्देशीय पत्र चिकटवता यायचं, पण सुनेनं चिकटवलेलं पत्र लिहिलं की घरात चौकशी व्हायची, असं काय आहे त्यात? म्हणून आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. 'इकडे पाऊस नाही' म्हणजे मन लागत नाही. 'आंब्याला मोहोर आला' म्हणजे नवरा चांगलं बोलला. 'काकूंचे गुडघे दुखतात' म्हणजे सासूबाईंशी वाजलं. एकदा तिनं जुलै महिन्यात लिहिलं, इकडे अजिबात पाऊस नाही. माझ्या आईनं कार्ड वाचलं आणि म्हणाली, माळव्यात दुष्काळ पडणार वाटतं. मी काही बोलले नाही. आत जाऊन रडले.

आम्ही कार्डाची एक रेघ वाया घालवत नव्हतो. मजकूर संपला की समासात उभं लिहायचं, मग कार्ड उलटं धरून वरच्या कडेला, मग पत्त्याच्या बाजूला पोस्टानं मना केलेल्या जागेपर्यंत. त्या कडेच्या बारीक अक्षरांत काय असायचं? आज भेंडी केली. तुझ्यासारखी पोर दिसली बाजारात. बांगड्या फुटल्या. कामाचा मजकूर पहिल्या पाच ओळींत संपलेला असायचा.

पत्त्याखाली सहा चौकोन, त्यांत पिनकोड. आमचा ४१५११०. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळल्यावर फार बरं वाटलं. देशात एकाच नावाची गावं कितीतरी, अक्षरं अनेक लिप्यांतली, कुणाचं हस्ताक्षर लागत नाही. त्यातून कार्ड नेमक्या दारी पोचवणारे ते सहा आकडे एका कवी माणसानं लावून दिले होते.

मराठी माणूस तेव्हा फोनवर गप्पा मारत नव्हता. मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला, पण गावाकडे शंभर वर्षांनंतरही फोन म्हणजे डॉक्टर, साखर कारखाना, पोलीस ठाणं आणि पेढीवाले. आम्ही पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचो. १८० फिरवून बुकिंग. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, असे चढत्या भावाचे तीन प्रकार. ऑर्डिनरी लावला तर बाकावर दोन-दोन तास बसायचं. लागला की ऑपरेटर मध्ये असायचाच, आणि तीन मिनिटं झाली की विचारायचा, वाढवायचं का? माणसाचं नाव देऊन लावायचा तो पीपी कॉल. पुढे हीच दोन अक्षरं शेजाऱ्याच्या फोनला चिकटली. लग्नपत्रिकेवर नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहिलेलं असलं की समजायचं, फोन यांचा नाही, शेजारच्यांचा आहे, हाक मारून बोलावून घेतील.

म्हणजे मैत्रीच्या बोलण्याला तिसरा कान कायमचा. कार्डाला पोस्टमन आणि सासूबाई, ट्रंकला ऑपरेटर, पीपीला शेजारच्यांचं सगळं घर. १९९१ पासून विद्यानगरात तो तिसरा कान माझा होता.

ऑपरेटरशिवाय थेट गाव लावायची सोय देशात १९६० साली कानपूर-लखनौमध्ये सुरू झाली, पण आमच्यासारख्यांपर्यंत ती पोचायला तीस वर्षं गेली. मध्ये १९८४ साली टेलिफोनचं तंत्रज्ञान बनवणारी सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, सॅम पित्रोदांचं नाव वर्तमानपत्रांत रोज येऊ लागलं. वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत नि उन्हात चालतील अशी लहान एक्स्चेंजेस इथेच बनून गावोगाव बसायला लागली. त्यानंतर पिवळ्या पाट्या आल्या. मला गावांचे कोड पाठ झाले. मुंबई ०२२, पुणे तेव्हा ०२१२, कोल्हापूर ०२३१, लातूर ०२३८२, नागपूर ०७१२. इंदूर ०७३१ तर न बघताच.

केबिनच्या काचेतून शब्द बाहेर येत नाहीत, असं गिऱ्हाइकांना वाटायचं. येत होते. लाइनीला खरखर असली की माणूस ओरडायचाच. मी कानात बोळे घालून बसत नव्हते, पण कुणाचं इकडचं तिकडे केलं नाही. त्या सतरा वर्षांत मी जे ऐकलं त्यातलं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य सांगते. ते 'कसा आहेस' नव्हे, 'पैसे पाठव' नव्हे. ते होतं, "बाकी काय?"

ज्याला बातमी द्यायची असायची तो एका मिनिटात मोकळा. मुलगी झाली, आजी गेली, निकाल लागला, मनीऑर्डर मिळाली, शनिवारच्या गाडीनं येतो. ४० सेकंद, ५५ सेकंद. काही जण घरून चिठ्ठीवर मुद्दे लिहून आणत. पोरं तर तळहातावर लिहीत. बातमीच्या फोनांनी माझ्या वहीची पानंच्या पानं भरली आहेत, पण रुपयांच्या रकान्यात तिथे लहान लहान आकडे आहेत. मोठे आकडे ज्या ओळींत आहेत त्या मी ऐकलेल्या आहेत, आणि त्यांत बातमी नव्हती. तिथे असं चालायचं:

"जेवलास?"

"जेवलो. तू?"

"मेसला आज पुन्हा तीच डाळ."

"तीच?"

"तीच रे. बाकी काय?"

"बाकी काय नाही. तुझं?"

"माझं काय. बाकी?"

आणि मीटर पडत असायचा. ज्या पोराला महिन्याला घरून मोजकी मनीऑर्डर येई, जो चहासुद्धा अर्धा करून पिई, तो या 'बाकी काय'ला पंधरा-वीस रुपये देऊन जायचा आणि बाहेर येताना त्याचा चेहरा उजळलेला असायचा. सुरुवातीला मला त्याची काळजी वाटायची. एकदोघांना मी बोललेसुद्धा, अरे, काही बोलायचं नाही तर ठेव की, पैसे का घालवतोस? एक जण म्हणाला, "ताई, बोलायचं असतं तर पत्र नसतं का लिहिलं?" त्यानंतर मी कुणाला कधी बोलले नाही.

रात्री अकरानंतर दर पावावर यायचा. पावणेअकराला बाकावर पोरं बसायला लागायची, अकराला सात-आठ जण. हिवाळ्यात कानटोप्या, पांघरूण घेऊनच आलेले. थांबताना त्यांची आपापसात इतकी बोलणी व्हायची की कधीकधी ज्याचा नंबर आला तो म्हणायचा, थांब रे, तू जा आधी, याचं सांगून होऊ दे. तीन वर्षं एकाच वसतिगृहात राहून ओळख नसलेली पोरं माझ्या बाकावर मित्र झाली. बाक साडेपाच फुटांचं, सागवानी, माझ्या वडिलांनी जुन्या शाळेच्या लिलावात घेतलेलं. त्याच्या एका पायाखाली वीट होती.

१९९३ सालची वही, पान बावन्न. तारीख ३० सप्टेंबर.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गाव उशिरापर्यंत जागं. पहाटे चारच्या सुमारास खाट हलली. आम्हा कराडकरांना भूकंप म्हटलं की कोयनाच आठवते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या आईवडिलांनी भोगलेला. तेव्हा वाटलं, कोयनाच हलली, आणि थोड्या वेळानं पुन्हा डोळा लागला. सकाळी मी बूथ उघडायला आले तर बाकावर चार पोरं बसलेली. लातूर, औसा, निलंगा या बाजूची. त्यांना रेडिओवरून कळलं होतं. किल्लारी, सास्तूर ही नावं आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो. तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली हे नंतर कळलं, त्या सकाळी आकडा कुणालाच माहीत नव्हता.

०२३८२ लावलं की बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज, इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. पुन्हा लावलं, पुन्हा तोच आवाज. औशाचा एक मुलगा होता, त्याचं गाव किल्लारीपासून लांब नव्हतं. गावात फोन नाही. लातुरात त्याच्या चुलत्याच्या ओळखीचं औषधाचं दुकान होतं, तिथला नंबर होता. तो सारखा लावत होता. तासाभरानं त्याची बोटं थरथरायला लागली, आकडा चुकायला लागला. तेव्हा त्याच्या खोलीतला मित्र, सांगलीकडचा, आत गेला, त्याला हाताला धरून बाहेर आणून बाकावर बसवलं आणि स्वतः लावायला लागला. त्यानं वीस वेळा लावलं. मग तिसरा आला, वीस वेळा. मग चौथा. त्यांनी ते ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. दुपारपर्यंत वर्गातली पोरं यायला लागली. कुणी लातूरचं नव्हतं. रत्नागिरीचा होता, जळगावचा होता. पाळी लागली. ज्याची पाळी नसायची तो त्या मुलाशेजारी बसायचा आणि काहीही बोलायचा. शेतात काय लावलंय, बैल किती, बहीण कितवीला. मी चहा सांगितला, तो गार होऊन गेला.

व्यस्त लाइनीची पल्स पडत नाही, त्यामुळे मीटरवर शून्य. माझ्या वहीत त्या पानावर सकाळी साडेसातपासून ओळी नाहीत, नुसत्या उभ्या रेघा आहेत. मी प्रत्येक प्रयत्नाची एक रेघ मारत होते. काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून मारत होते. पाच-पाचच्या जुड्या. त्या मी नंतर कधी मोजल्या नाहीत.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जळगावच्या मुलाला रिंग ऐकू आली. तो काही न बोलता रिसीव्हर हातात धरून ओरडला, लागला. औशाचा मुलगा आत गेला. पलीकडून कुणी तरी उचललं. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मीटरचा आकडा एकावर आला, दोनवर आला. मग सांगलीच्या मुलानं दाराच्या फटीतून हात घालून रिसीव्हर घेतला, त्याच्या वतीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, विचारलं. ऐकलं. आणि रिसीव्हर त्याच्या कानाला लावून म्हणाला, घर पडलंय, माणसं आहेत. सगळी आहेत. ऐक.

त्या ओळीत वेळ लिहिलेली आहे, नंबर आहे, मिनिटं आहेत, पल्स आहेत. रुपयांचा रकाना मी रिकामा ठेवला.

त्याच रात्री एसटीनं तो निघाला. बरोबर तीन जण गेले, त्यांतला एकही लातूरचा नव्हता.

माझी गिऱ्हाइकं पोरंच नव्हती. बाजाराच्या दिवशी मसूर रस्त्यानं येणाऱ्या बायका असायच्या. एक भाजीवाली मावशी महिन्यातून एकदा, टोपली बाहेर ठेवून आत जायची. तिची बालमैत्रीण मुंबईत, नवरा परळच्या गिरणीत होता, १९८२ च्या संपात काम गेलं. मैत्रीण चार घरची कामं करी आणि एका घरी तिला फोन घेऊ देत, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी. मावशीला आकडे येत नव्हते, नंबर मी लावून द्यायची. बोलणं सुरू व्हायचं पावसापासून. मग कोण मेलं, कोण बाळंत झालं. ते मिनिटभरात संपायचं. मग मावशी म्हणायची, "आनि?" पलीकडून काही तरी यायचं. मग पुन्हा, "आनि?" आणि मग दोघीही गप्प. मी मीटरकडे बघायची, आकडा चाललाय, आत मावशी रिसीव्हर धरून उभी, डोळे मिटलेले. पहिल्यांदा मला वाटलं लाइन गेली. मी काच वाजवली. तिनं हात हलवून मला थांबवलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "न्हाई गं, लाइन हाय. ती तितं हुती." पदराची गाठ सोडून पैसे मोजले. ते सहा रुपये होते. मी दोन रुपये कमी सांगायला बघितलं, तर तिला मीटरवरचा सहाचा आकडा ओळखू येत होता.

उलट दिशेचेही फोन यायचे. पुण्याहून, मुंबईहून कुणी तरी बूथवर फोन करायचं आणि सांगायचं, ताई, त्या बंगल्याच्या मागच्या खोलीतल्याला बोलवा, मी दहा मिनिटांनी परत लावतो. मेसमधला एक चुणचुणीत मुलगा सायकलवरून हाक मारून यायचा, त्याला मी एक रुपया द्यायची. ज्याला बोलावणं आलं तो धावत यायचा, कधी साबण लागलेल्या तोंडानं. आणि मग ती दहा मिनिटं. फोनकडे बघत उभा राहायचा. वाजला की एक रिंग पूर्ण होऊ द्यायचा, लगेच उचलायचा नाही. मला याचं कारण कधी कळलं नाही, पण बहुतेक सगळे तसंच करायचे.

माझं स्वतःचं सांगायचं तर इंदूरच्या मैत्रिणीच्या घरी १९९४ साली फोन आला. तेव्हापासून आमचं कार्ड लिहिणं बंद झालं, ते मला आजही थोडं लागतं, कारण समासातली ती बारीक अक्षरं परत कधी आली नाहीत. मी बूथची मालकीण असले तरी माझ्या कॉलची पल्स पडायचीच, बिल माझ्याच माथी. म्हणून महिन्यातून दोनदा, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, अकरानंतर. तिच्याकडे फोन दिवाणखान्यात, बाजूला सासरे झोपलेले. ती हळू आवाजात बोलायची, आणि जुना कोड चालूच होता. पहिल्याच वाक्यात मी विचारायची, पाऊस आहे का गं? जानेवारीतसुद्धा.

मोबाईल देशात १९९५ साली आला, पण बरीच वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. तोवर बूथला धक्का नव्हता. २००३ साली येणारा कॉल फुकट झाला, त्याच वर्षी पाचशे एक रुपये भरून हातात फोन मिळायला लागला, आणि पोरांनी मिस कॉलची भाषा काढली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये. तीन म्हणजे तू लाव, माझ्याकडे बॅलन्स नाही. १५ पैशांच्या कार्डावरचा आमचा पाऊस आणि मोहोर ज्या गरजेतून आला होता तिच्यातूनच हेही आलं, आणि मला पोरांचं कौतुक वाटलं. २००६ च्या मार्चमध्ये देशात कुठेही एका मिनिटाला एक रुपया अशी योजना आली. त्या महिन्यापासून रुपयांच्या रकान्यातली बेरीज दर पानाला खाली येत गेली. मी रिचार्जची कार्डं ठेवली, लॅमिनेशनचं यंत्र घेतलं. केबिनमध्ये रिकाम्या खोक्यांची रास लागली. २००८ च्या मार्चमध्ये मी पिवळी पाटी उतरवली. बाक घरी आणलं, विटेसकट. आता ते ओसरीत आहे.

सतराव्या वहीची शेवटची ओळ माझ्याच फोनची आहे. रात्री अकरा वाजून चार मिनिटं, ०७३१ आणि पुढचा नंबर. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्याआधी आम्ही दोघी सलग इतका वेळ कधीच बोललो नव्हतो. काय बोललो ते आठवायला गेलं तर तिच्या गच्चीवरची तुळस, कुलूप न लागणारं माझं कपाट आणि एका शिक्षिकेची साडी, एवढंच हाती लागतं.

आता ती आजी झाली आहे. सासूसासरे राहिले नाहीत, दिवाणखाना तिचाच. आठवड्यातून दोन-तीनदा व्हिडिओ लावते. फोन ओट्याला टेकवून ठेवते आणि पोळ्या लाटते, मला तिच्या कपाळाचा वरचा भाग आणि डब्यांची फळी दिसते. मी ओसरीत बाकावर भाजी निवडत असते. पाच-पाच मिनिटं दोघी बोलत नाही. मग ती एकदम लाटणं ठेवते आणि म्हणते, "ठेवते गं, मीटर पडतोय."

मी म्हणते, "ठेव."

ती ठेवत नाही. पुढची पोळी लाटायला घेते.

"बाकी काय?"